थर्मोसायकलर: फिलिंगचा बाँड म्हातारा करणाऱ्या यंत्रावर किती भरवसा ठेवावा?

दंतशास्त्राच्या प्रयोगशाळेत ‘आमचं अ‍ॅडहेसिव्ह टिकाऊ आहे’ असं म्हणायचं झालं की पहिलं नाव निघतं थर्मोसायकलरचं. अ‍ॅडहेसिव्ह म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव्य, आणि थर्मोसायकलर म्हणजे असे चिकटवलेले नमुने गरम-थंड पाण्यात आलटून-पालटून बुडवणारं यंत्र. दोन टाक्या, एक गरम आणि एक थंड, वर एक हलता हात, त्याला टांगलेली जाळीची बास्केट. एक गरम बुडी आणि एक थंड बुडी मिळून एक सायकल, म्हणजे एक फेरा. ठरलेले फेरे झाले की नमुने बाहेर काढायचे, बाँड, म्हणजे दात आणि फिलिंग यांचा चिकटलेला सांधा, ओढून तोडायचा आणि किती जोर लागला तो आकडा लिहायचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र म्हणून ही वस्तू चांगली आहे, साधी आहे आणि नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं चालते. पण बाँडच्या दीर्घायुष्याचा एकमेव पुरावा म्हणून ती कमी पडते, आणि 500 फेऱ्यांवर भागवलं तर फारच कमी पडते. असं का, हे कळायला थोडा हिशेब करावा लागेल.

फेऱ्यांचा हिशेब

आयएसओ 11405 हे दाताला चिकटणाऱ्या पदार्थांच्या चाचणीचं तांत्रिक विवरण. त्यात नमुने ठेवण्याचे तीन प्रकार दिले आहेत: 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 24 तास, 5 ते 55 अंशांमध्ये 500 फेरे, किंवा 37 अंशांच्या पाण्यात 6 महिने. फेऱ्यांच्या प्रकारात नमुना आधी 20 ते 24 तास 37 अंशांच्या पाण्यात ठेवायचा, प्रत्येक टाकीत किमान 20 सेकंद बुडवायचा आणि एका टाकीतून दुसरीत न्यायला 5 ते 10 सेकंद घ्यायचे.

आता 500 फेऱ्यांत बाँड 55 अंशांच्या पाण्यात एकूण किती वेळ राहतो ते बघा. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 सेकंद, पावणेतीन तासांच्या आसपास. तेवढाच वेळ तो 5 अंशांत राहतो, आणि तिथे रासायनिक झीज जवळजवळ थांबलेली असते. पावणेतीन तास कोमट-गरम पाण्यात ठेवून दाताच्या फिलिंगचं वय वाढलं असं म्हणणं पटत नाही.

10,000 फेरे घेतले तर? गेल आणि डार्व्हेल यांनी 1999 मध्ये या विषयावरच्या साहित्याचा मोठा आढावा घेतला आणि तोंडात दिवसाला 20 ते 50 फेरे होत असावेत असा अंदाज धरून सुमारे 10,000 फेरे म्हणजे एक वर्ष, असं सुचवलं. तेव्हापासून हा आकडा जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात येतो. तो अंदाज होता, मोजमाप नव्हतं, हे मात्र बहुतेक ठिकाणी गळून जातं. 30 सेकंदांची बुडी धरली तर 10,000 फेऱ्यांत 55 अंशांतला एकूण वेळ होतो 3,00,000 सेकंद, म्हणजे साडेतीन दिवस. दर 10 अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम लावला, तर 55 अंशांतले साडेतीन दिवस 37 अंशांतल्या बारा दिवसांएवढे भरतात. पाण्याने होणाऱ्या झिजेपुरतं बोलायचं तर ‘एक वर्ष’ हे असं बारा दिवसांवर येतं.

यावर उत्तर असं मिळतं की झीज सोडा, यंत्राचं खरं काम आकुंचन-प्रसरणाचा ताण देणं हे आहे. कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) तापमानाबरोबर डेंटिनच्या (इनॅमल या बाहेरच्या कठीण कवचाखालच्या दाताच्या भागाच्या) साधारण दुप्पट ते चौपट फुगतं-आकसतं, त्यामुळे सांध्यावर वारंवार ओढ बसते. हे खरं आहे, पण नमुना कसा आहे त्यावर ते अवलंबून आहे. सपाट डेंटिनवर कंपोझिट चढवून कापलेली 1 मिलिमीटर जाडीची काडी चारही बाजूंनी मोकळी असते. ती हवी तशी फुगते, आकसते, तिला अडवणारं कुणी नाही. ताण तयार होतो तो चहूबाजूंनी भिंती असलेल्या कॅव्हिटीत, म्हणजे दातातल्या खड्ड्यात. म्हणजे ताणाचा परिणाम बघायचा असेल तर कॅव्हिटी भरलेला अखंड दात टाकीत घालायला हवा.

अखंड दातात दुसरी अडचण उभी राहते. डेंटिनमधून उष्णता पसरण्याचा वेग सुमारे 0.2 चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. पृष्ठभागापासून अर्धा मिलिमीटर आत असलेला काडीचा मध्य एक-दीड सेकंदात टाकीच्या तापमानाला येतो. पृष्ठभागापासून 5 मिलिमीटर आत असलेल्या सांध्याला त्यासाठी दोन मिनिटांच्या वर लागतात. तुम्ही 20 किंवा 30 सेकंदांत दात उचलून दुसरीकडे टाकता. यंत्राच्या पडद्यावर 5 आणि 55 दिसत असतं, दाताच्या आतला सांधा मात्र मधल्याच कुठल्यातरी तापमानाभोवती थोडासा हलत असतो.

यंत्र घेताना काय तपासावं

तरीही यंत्र घ्यायचं असेल, आणि बहुतेक विभागांना ते लागतंच, तर माहितीपत्रकातल्या कमाल फेऱ्यांच्या आकड्याकडे बघू नका.

सगळ्यात आधी थंड टाकी बघा. गरम टाकी सगळ्यांनाच जमते, एक हीटर आणि थर्मोस्टॅट पुरतो. थंड टाकीत मात्र दर मिनिटाला गरम बास्केट येऊन पडते, सोबत गरम पाणीही आणते. कॉम्प्रेसर कमी ताकदीचा असेल तर तासाभरात 5 अंशांचे 8 किंवा 9 होतात. रिकामी बास्केट घालून चाचणी घेऊ नका. जास्तीत जास्त नमुने भरून किमान दोन तास चालवा आणि वेगळा, स्वतंत्र थर्मामीटर बास्केटच्या मध्यभागी धरून तापमान नोंदवा. यंत्राचा स्वतःचा सेन्सर सहसा टाकीच्या भिंतीजवळ असतो, आणि भिंतीजवळचं पाणी व बास्केटमधलं पाणी यांत फरक पडतो. टाकीत पाणी ढवळणारा पंप नसेल तर हा फरक आणखी वाढतो. पंप नसलेलं यंत्र घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरं, निथळण्याची सोय. बास्केट वर आल्यावर दोन-तीन सेकंद थांबली पाहिजे. नाहीतर प्रत्येक फेऱ्यात थोडं पाणी इकडून तिकडे जातं, गरम टाकी भरत जाते आणि थंड रिकामी होते, किंवा उलट. पण हा थांबा पकडून एकूण नेण्याचा वेळ 10 सेकंदांच्या आतच बसायला हवा, कारण उघड्या हवेत काडी लवकर सुकते.

तिसरं, वीज गेल्यावर काय होतं. 30 सेकंदांची बुडी आणि साडेसात सेकंदांची ने-आण धरली तर एक फेरा 75 सेकंदांचा. 10,000 फेऱ्यांना 7,50,000 सेकंद लागतात, म्हणजे आठ दिवस सोळा तास वीस मिनिटं. एवढ्या काळात वीज एकदाही जाणार नाही असं धरून चालू नका. चांगलं यंत्र झालेले फेरे लक्षात ठेवतं, वीज आल्यावर दोन्ही टाक्या ठरल्या तापमानाला येईपर्यंत थांबतं आणि मगच पुढे मोजायला लागतं. स्वस्तातलं यंत्र लगेच मोजणी सुरू करतं. मग दोन्ही टाक्या 25 अंशांवर असताना झालेले शे-दीडशे फेरेही हिशेबात धरले जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. अटकलेली बास्केट ओळखून मोजणी थांबवणारा सेन्सर आहे का, हेही विचारा. हात अडकला आणि मोजणी चालू राहिली तर अख्खी बॅच वाया जाते.

चौथं, पातळी राखणारी सोय. 55 अंशांची उघडी टाकी दिवसात लक्षात येण्याएवढी आटते. पातळी बास्केटच्या खाली गेली की वरच्या थरातल्या नमुन्यांना गरम बुडी मिळतच नाही. फ्लोट व्हॉल्व्ह नसेल तर सकाळ-संध्याकाळ डिस्टिल्ड पाणी घालण्याची जबाबदारी नाव लिहून एकाला द्या. नळाचं पाणी घातलं तर हीटरवर क्षार बसतात आणि नमुन्यांवरही पांढरट थर चढतो.

तीन किंवा चार टाक्यांची यंत्रंही मिळतात. गेल-डार्व्हेल यांनी सुचवलेला क्रम 35 अंशांत 28 सेकंद, 15 अंशांत 2 सेकंद, पुन्हा 35 अंशांत 28 सेकंद आणि 45 अंशांत 2 सेकंद असा आहे. तोंडातल्या परिस्थितीच्या तो जास्त जवळ जातो, कारण अगदी थंड किंवा गरम घोट माणूस दातावर 20 सेकंद धरून बसत नाही. पण त्यासाठी दोन टाक्यांचं यंत्र पुरत नाही, आणि आधीच्या निकालांशी तुलना करायची झाली तर 5-55 चाच साहित्यसाठा मोठा आहे. फक्त या कारणासाठी जास्तीचा खर्च करावा असं वाटत नाही.

वापरताना काय बिघडतं

काड्या थेट जाळीच्या बास्केटमध्ये टाकणं ही सर्रास होणारी चूक. प्रत्येक बुडीला त्या एकमेकींवर आपटतात, आणि 10,000 फेऱ्यांत 20,000 वेळा आपटलेली काडी चाचणीआधीच तुटते. तो अ‍ॅडहेसिव्हचा दोष नाही. प्रत्येक गटाच्या काड्या बारीक नायलॉन जाळीच्या वेगळ्या पुरचुंडीत, सैल पण हलणार नाहीत अशा ठेवा. ओळखीसाठी शाईचं लेबल नको, आठ दिवसांत ते धुऊन जातं. रंगीत नायलॉन दोरा किंवा पुरचुंडीत टाकलेला पेन्सिलने कोरलेला प्लास्टिकचा तुकडा चालतो.

पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. गरम टाकीत कंपोझिटमधून सुटलेले मोनोमर, म्हणजे रेझिनचे न जुळलेले सुटे रेणू, साठतात, थंड टाकीच्या कडेने बुळबुळीत थर येतो.

आणि तुलनेचा गट. इथे तर भरपूर निबंध घसरतात. फेरे झालेल्या नमुन्यांची तुलना 24 तासांच्या नमुन्यांशी केली जाते. पण फेरे झालेले नमुने जवळजवळ नऊ दिवसांनी तोडले जातात, आणि कंपोझिट व अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही पहिल्या दिवसानंतरही थोडे पक्के होत राहतात. त्यामुळे झीज आणि पक्केपणा एकमेकांना झाकतात, आणि ‘फेऱ्यांनी काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो. तेवढेच दिवस 37 अंशांच्या पाण्यात नुसता ठेवलेला तिसरा गट घेतला की हा घोळ मिटतो. त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

बाँड खरा मरतो कशाने

यंत्राची मर्यादा समजायची तर सांध्यात काय चालतं ते माहीत हवं. 32 ते 37 टक्के फॉस्फरिक आम्ल डेंटिनवर 15 सेकंद ठेवलं की काही मायक्रॉन खोलीपर्यंत खनिज निघून जातं आणि उघड्या कोलॅजनची, म्हणजे प्रथिनाच्या तंतूंची, जाळी उरते. प्रायमर (अ‍ॅडहेसिव्हच्या आधी लावायचं द्रव) आणि अ‍ॅडहेसिव्ह या जाळीत शिरून घट्ट व्हायला हवं. तेच हायब्रिड लेयर. पण रेझिन तळापर्यंत पूर्ण पोचत नाही. तळाशी रेझिनचं कवच नसलेलं कोलॅजन आणि पाणी राहतं. पुढे दोन गोष्टी घडतात. रेझिनच्या मिथाक्रिलेट रेणूंमधले एस्टर बंध पाणी हळूहळू तोडतं, आणि डेंटिनमध्ये दबून असलेली मेटॅलोप्रोटीनेज व कॅथेप्सिन ही एन्झाइम्स उघडं कोलॅजन खातात. दोन्हीला पाणी लागतं आणि दोन्हीला वेळ लागतो. हे काम आठ दिवसांच्या फेऱ्यांनी उरकत नाही.

म्हणून थर्मोसायकलरचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे झाकण लावलेली बाटली, 37 अंशांचा इन्क्युबेटर आणि सहा महिने धीर.

पण अखंड भरलेला दात बाटलीत ठेवू नका. त्याच्याभोवती इनॅमलचा पट्टा असतो, आणि इनॅमलला चिकटलेलं कंपोझिट आतल्या डेंटिन-सांध्याला पाण्यापासून वाचवतं. द मुंक आणि सहकाऱ्यांनी चार वर्षं पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांवर हेच दाखवलं: इनॅमलच्या कडेने वेढलेला सांधा टिकला, थेट पाण्याला उघडा असलेला बराच ढासळला. आधी काड्या कापा, मग ठेवा. 1994 मध्ये सानो आणि सहकाऱ्यांनी मायक्रोटेन्साइल चाचणी, म्हणजे अशा बारीक काड्या ओढून तोडण्याची चाचणी, आणली, आणि तिचा मोठा फायदा इथेच आहे. पाण्याला आत शिरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. काडीत मध्यापर्यंतचं अंतर अर्धा मिलिमीटर, दातात चार-पाच. म्हणजे काडीत तेच काम साधारण 64 ते 100 पट लवकर होतं. एकही यंत्र न घेता मिळणारा हा वेग आहे.

कृती अशी. दाताचा चावण्याचा पृष्ठभाग कापून सपाट डेंटिन उघडं करा, 600 ग्रिटच्या कागदावर पाण्याखाली 60 सेकंद घासून एकसारखा स्मिअर लेयर (घासल्याने पृष्ठभागावर बसणारा भुग्याचा पातळ थर) तयार करा. बाँडिंग कंपनीच्या सूचनेप्रमाणेच करा, द्रावक उडवायच्या फुंकणीचा वेळ घड्याळ लावून मोजा. कंपोझिट 2 मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरांत 4 ते 5 मिलिमीटर उंचीपर्यंत चढवा. 24 तास 37 अंशांच्या पाण्यात. मग मंद वेगाच्या हिऱ्याच्या पात्याने, पाण्याचा फवारा चालू ठेवून, आधी एका दिशेने आणि मग काटकोनात कापा, काडीचा छेद सुमारे 1 चौरस मिलिमीटर. कडेच्या, इनॅमल लागलेल्या काड्या काढून टाका. प्रत्येक दाताच्या काड्या 24 तास आणि 6 महिने अशा दोन्ही गटांत वाटा, आणि वाटताना मधल्या व कडेच्या काड्या दोन्हीकडे सारख्या जातील हे बघा. एकाच दाताची तुलना त्याच्याशीच झाली की दाता-दातातला फरक मध्ये येत नाही. विश्लेषणात मात्र एकक दातच धरा. आठ दातांच्या शंभर काड्या म्हणजे शंभर स्वतंत्र नमुने नव्हेत.

पाणी कोणतं, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. शुद्ध पाण्यात एस्टर बंध तुटतात, पण मेटॅलोप्रोटीनेजला काम करायला कॅल्शियम आणि झिंक लागतं आणि ते शुद्ध पाण्यात नाही. क्लोरहेक्सिडीनसारख्या एन्झाइम रोखणाऱ्या पदार्थाची परीक्षा घेत असाल तर कॅल्शियम आणि झिंक असलेली कृत्रिम लाळ वापरा, आणि थर्मोसायकलरचा विचार सोडून द्या. त्याच्या आठ दिवसांत या पदार्थाला वाचवण्याजोगं काही घडतच नाही. द्रव दर आठवड्याला बदला. न बदललेल्या बाटलीत बाहेर पडलेले पदार्थ साठतात आणि झीज मंदावते. बुरशी-जिवाणू रोखायला सोडियम अझाइड घालायची पद्धत आहे, पण ते विषारी आहे आणि एन्झाइमच्या कामातही हस्तक्षेप करू शकतं. वापरलं तर प्रमाण लिहाच.

जलद मार्ग आणि इतर यंत्रं

सहा महिने थांबणं शक्यच नसेल तर 10 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काड्या 1 तास ठेवण्याची पद्धत आहे, काही ठिकाणी 3 किंवा 5 तासही ठेवतात. हायपोक्लोराइट रेझिनला फारसं न लावता उघडं कोलॅजन विरघळवतं. त्यामुळे हायब्रिड लेयरच्या तळाशी किती कोलॅजन उघडं राहिलं याचं चांगलं चित्र मिळतं. आम्ल लावून धुण्याच्या पद्धतीतल्या दोन अ‍ॅडहेसिव्हची आपसात तुलना करायला ही पद्धत उपयोगी आहे. त्यांची तुलना सौम्य सेल्फ-एच (वेगळं आम्ल लावून धुवावं न लागणाऱ्या) अ‍ॅडहेसिव्हशी करायला ती अन्यायकारक आहे, कारण तिथे कोलॅजन मुळात फारसं उघडं पडतच नाही, आणि रेझिनच्या स्वतःच्या झिजेबद्दल ही पद्धत काहीच सांगत नाही. द्रावण ताजं हवं, कारण उघड्या बाटलीतला क्लोरिन उडतो आणि 10 चे 6 टक्के झालेले कळत नाहीत. टायट्रेशन करून तीव्रता मोजून घ्या. घरगुती ब्लीच इतकं तीव्र नसतं, ते चालणार नाही.

च्यूइंग सिम्युलेटर म्हणजे चावण्याचा भार देणारं यंत्र. सुमारे 49 न्यूटन भाराचे 12 लाख ठोके म्हणजे पाच वर्षं, असं सहसा धरलं जातं. 1.6 हर्ट्झ वेगाने त्याला लागतात 7,50,000 सेकंद, म्हणजे 10,000 फेऱ्यांएवढेच आठ-नऊ दिवस. दोन्ही एकत्र चालवणारी यंत्रं आहेत, आणि कॅव्हिटीतल्या फिलिंगच्या कडा उघडतात का हे बघायला तीच योग्य. पण नमुने एका वेळी सहसा आठच बसतात, त्यामुळे चार गटांचा अभ्यास बराच लांबतो. दाताच्या आतून 15 ते 20 सेंटिमीटर पाण्याचा दाब देण्याची सोय मात्र कुणालाही करता येते: एक बाटली तेवढ्या उंचीवर टांगायची, एक नळी पल्प चेंबरला, म्हणजे दाताच्या आतल्या मगजाच्या पोकळीला, जोडायची. प्रायमर आणि चिकटद्रव्य एकाच बाटलीत मिसळलेल्या, जास्त पाणी शोषणाऱ्या अ‍ॅडहेसिव्हचे दोष यात लवकर उघडे पडतात. इतक्या कमी खर्चात इतकं काही सांगणारी दुसरी सोय नाही, आणि तरीही ती वापरणारे थोडे आहेत.

तोडताना

वय वाढवून झाल्यावर सगळं बिघडवण्याची शेवटची संधी इथे असते. काडी सायनोअ‍ॅक्रिलेटने चिकटवताना गोंद सांध्यावर आला तर मोजलेला आकडा गोंदाचाही असतो. काडी ओली राहिली पाहिजे, पण पकडीत धरायचं टोक टिपलेलं हवं. छेद डिजिटल कॅलिपरने प्रत्येक काडीचा वेगळा मोजा, ‘साधारण एक’ धरू नका. भाराचा वेग मिनिटाला 0.5 ते 1 मिलिमीटर.

चाचणीआधीच तुटलेल्या काड्या लपवू नका. त्या गाळल्या तर सगळ्यात कमजोर अ‍ॅडहेसिव्हची सरासरी सगळ्यात जास्त फुगते, कारण मजबूत काड्याच मोजल्या जातात. शून्य धरा किंवा गटातला किमान आकडा धरा, पण काय धरलं आणि अशा किती होत्या ते तक्त्यात लिहा. तुटलेला पृष्ठभाग 40-50 पट मोठा करून बघा. तुटणं कंपोझिटच्या किंवा डेंटिनच्या आत झालं असेल तर तो आकडा बाँडचा नाहीच. आणि बाँडच्या ताकदीच्या (मेगापास्कलमधल्या) आकड्यात फरक दिसला नाही तरी अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये 24 तास बुडवून, मग फोटो धुण्याच्या डेव्हलपर द्रावणात ठेवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या काडीत चांदीचे कण हायब्रिड लेयरच्या तळाशी रांगेने दिसू शकतात. आकडा घसरण्याआधी पाणी कुठून शिरतंय हे तिथे कळतं.

ज्या विभागाकडे इन्क्युबेटर आणि मंद कटर आहे पण थर्मोसायकलर नाही, त्यांनी खंत करू नये. त्यांनी काड्या कापून बाटल्या भरायला घ्याव्यात. ज्यांच्याकडे थर्मोसायकलर आधीच आहे, त्यांनी तो 10,000 फेऱ्यांखाली वापरू नये, सोबत तेवढ्याच दिवसांचा पाण्यातला गट ठेवावा आणि त्याच दातांच्या काही काड्या सहा महिन्यांसाठी बाजूला काढाव्यात. नव्याने यंत्र घेणाऱ्यांनी थंड टाकी पूर्ण भारावर दोन तास चालवून दाखवल्याशिवाय ऑर्डरवर सही करू नये.